‘द इनर माउंटिंग फ्लेम’ कसा ऐकायचा: आधी लेहरा धरा, मग ड्रम

महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचा हा अल्बम 1971चा, जॅझ फ्यूजनच्या, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिश्रणाच्या, पायाच्या दगडांपैकी एक. जॉन मॅक्लॉफलिन गिटारवर, बिली कोबहॅम ड्रमवर, जेरी गुडमन व्हायोलिनवर, यान हॅमर कीबोर्डवर, रिक लेअर्ड बास गिटारवर. पहिल्यांदा ऐकताना माणूस ड्रमच्या मागे धावतो आणि दोन मिनिटांत दमतो. वसंतराव देशपांडे सभागृहात तबलावादन ऐकताना आपण तसं करत नाही. तिथे कान हार्मोनियमच्या लेहऱ्यावर, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सुरावटीवर, ठेवतो, आणि मग तबलजी समेवर कसा उतरतो ते बघतो. इथेही तेच करायचं.

आधी कूलर बंद करा. नागपूरच्या मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, पण कूलरची घरघर बासच्या खालच्या सुरांवरच बसते आणि आधार नाहीसा होतो. मग आपण आवाज वाढवतो आणि गिटार कानाला बोचू लागते. त्यापेक्षा पहाटे साडेपाचला ऐका, नाहीतर कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर बास जवळपास येतच नाही. ॲपमधलं शफल, क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळणं) आणि बास बूस्ट, तिन्ही बंद. आवाज मध्यमच असू द्या. या वादनात मुळातच खूप दाटी आहे.

सुरुवात पहिल्या गाण्यापासून करू नका. सातवं, ‘यू नो यू नो’, लावा. पाच मिनिटांचं, संथ. एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा येते, मधे मोकळी जागा सोडते, आणि त्या जागांत कोबहॅम वाजवतो. हाच आपला लेहरा. ती सुरावट तोंडाने गुणगुणत राहा. ड्रम कितीही उसळला तरी गुणगुणणं सुटलं नाही, तर अल्बमचं अर्धं काम झालं.

मग सहावं, ‘द डान्स ऑफ माया’. इथे थांबून, तीन-चार वेळा ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीला गिटारचे सुटे सुर दहाच्या आवर्तनात फिरतात. बोटांच्या पेरांवर दहा मोजा, पण दहा मात्रांच्या झपतालाचे बोल म्हणू नका; दोन-तीन-दोन-तीन असे खंड इथे पडत नाहीत, आणि बोल म्हणत राहिलात तर कान चुकीच्या जागी जोर शोधतो. पुढे चाल बदलते, ब्लूजसारखी डुलती होते. ती वीस मात्रांची आहे, म्हणजे दहाची बरोबर दोन आवर्तनं. म्हणूनच शेवटी दोन्ही चाली एकमेकींवर ठेवता येतात. त्या जागी एका हाताने दहा मोजत राहा, आणि डुलती चाल नुसती ऐका. दोन्ही एकदमच पहिल्या मात्रेवर आल्या की अंगावर काटा येतो.

मोजणी हमखास सुटते. कारण कोबहॅम पहिल्या मात्रेवर ठोका देईलच असं नाही. सुटली की मधूनच पकडायची धडपड करू नका; गिटारची मूळ सुरावट परत फिरून येईपर्यंत थांबा, तिथून पुन्हा एक.

गिटार आणि व्हायोलिन ओळखण्यातही गल्लत होते, कारण दोन्ही विजेवर, आणि अनेकदा एकच ओळ एकत्र वाजवतात. सुराचा आरंभ ऐका. गिटारचा सूर टिचकीसारखा सुरू होतो आणि मग टिकतो. व्हायोलिनचा गजाने हळूहळू फुगवता येतो.

‘डॉन’ सात मात्रांत आहे, ‘व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन’ नऊच्या जलद आवर्तनात. हे दोन नंतर, मोजायची सवय झाल्यावर.

मगच पूर्ण अल्बम क्रमाने ऐका, साधारण 46 मिनिटं. चौथ्या ‘अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स’मध्ये ड्रमही नाही, बासही नाही; फक्त विजेविना वाजणारी गिटार, व्हायोलिन आणि पियानो. आधीच्या तीन गाण्यांच्या कडाक्यानंतर ते मुद्दाम तिथे आहे, त्यामुळे ते वगळून पुढे जाऊ नका. तबकडीची पहिली बाजू इथेच संपत होती. तुम्हीही इथे पाच मिनिटं थांबा, पाणी प्या, मग दुसरी बाजू लावा.