कासा व्हायचंय? माझ्या पहिल्या केसबद्दल थोडं

मी कासा (CASA, म्हणजे कोर्टाने मुलासाठी नेमलेली स्वयंसेवक) झाले हे ऐकल्यावर नात्यातल्या एका मावशींचा पहिला प्रश्न, "म्हणजे मूल दत्तक घेतेयस?" नाही हो. त्या मुलाला स्वतःच्या घरी आणणंसुद्धा नियमात बसत नाही.

अमेरिकेत छळ किंवा हेळसांडीमुळे एखाद्या मुलाचं प्रकरण कोर्टात गेलं, की त्याचं हित पाहायला जज एका स्वयंसेवकाला नेमू शकतात. १९७७मध्ये सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी ही पद्धत सुरू केली. मुलांच्या आयुष्याचे निर्णय द्यायचे आणि हातात माहिती अपुरी, ही त्यांची अडचण होती. वकिली शिकलेली लागत नाही. बहुतेक ठिकाणी वय २१ पूर्ण हवं, पार्श्वभूमी तपासतात, साधारण ३० तासांचं प्रशिक्षण आणि मग कोर्टात शपथ. इथवर सगळं सोपं.

माझी पहिली केस आठ वर्षांच्या मुलाची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सोशल वर्करच्या गळ्यात एकाच वेळी कितीतरी मुलं. माझ्याकडे हा एकटा. शाळेतल्या बाई, फॉस्टर आई (घरापासून दूर ठेवलेल्या मुलाला तात्पुरतं सांभाळणारी), समुपदेशक, सगळ्यांशी बोलायचं आणि महिन्यातून निदान एकदा त्याला भेटायचं. पहिल्या दोन भेटींत तो बोललाच नाही, नुसते पत्ते पिसत बसला. मग आम्ही पत्तेच खेळलो. नव्या माणसाला इथे घाई होते, तो प्रश्नांची यादी घेऊन जातो. राहू दे ती पर्समध्ये.

खरी चूक मी कोर्टाला द्यायच्या अहवालात केली. मुलाला भेटायला आईला सहा भेटी ठरवून दिल्या होत्या, त्यांपैकी तीन तिने चुकवल्या होत्या. मी लिहून मोकळी झाले, 'आईला मुलाची फिकीर नाही.' सुपरवायझरने वाक्यावर काट मारली. "फिकीर नाही, हे तू कुठे पाहिलंस?" पाहिलं नव्हतंच. आईला फोन केला तेव्हा कळलं, तिची शिफ्ट दोनला सुटते, भेट अडीचला गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि मध्ये दोन बस. अहवालात मग तेवढंच गेलं: तारखा, शिफ्टची वेळ, बसचा मार्ग. पुढच्या सुनावणीत जजनी भेटीची वेळ बदलून दिली.

एका वाक्याने एवढं काय बिघडलं असतं? १९९७च्या केंद्रीय कायद्यानुसार गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये राहिलं, तर काही अपवाद सोडता, पालकांचे हक्क संपवण्यासाठी राज्याला कोर्टात अर्ज करावा लागतो. आईकडे दिवस मोजके होते.

आणखी एक. मुलाला हवं असतं ते आणि त्याच्या हिताचं असतं ते, यांचा मेळ बसेलच असं नाही. त्याला उद्याच्या उद्या घरी जायचं होतं. आईचे उपचार संपेपर्यंत थांबावं असं माझं मत. दोन्ही वेगवेगळं लिहावं, आणि आपण काय लिहिणार ते त्याला आधी सांगावं. तो रुसला, एक भेट फुकट गेली. "मी तुला घरी पोचवीन" असं मात्र चुकूनही बोलू नका. ते आपल्या हातात नसतं.

चौदाव्या महिन्यात तो आईकडे परत गेला. केस बंद झाली की फाइल, टिपणं, सगळं ऑफिसात जमा करायचं असतं. आमच्या पत्त्यांच्या डावांचे गुण त्याच वहीत मांडलेले होते. बहुतेक डाव त्यानेच जिंकलेले. वही दिली.