मिक्सर अमेरिकेला नेताना

लेकीकडे न्यू जर्सीला मिक्सर न्यायचाय? आधी तो उलटा करून तळाचं लेबल वाचा. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं). तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. लेबलवर '१००–२४०' असेल (मोबाईलच्या चार्जरवर बहुधा असतंच), तर चपट्या पिनांचा अडॅप्टर पुरतो. नुसतं '२३०' असेल तर मोटर रडतखडत फिरते, ओलं खोबरं वाटलं जात नाही. व्होल्ट वाढवून देणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ७५० वॉटच्या मिक्सरला पेलणारा चांगलाच जड असतो, आणि हर्ट्झ तोही बदलत नाही. माझं ऐका, इथल्याच दुकानात ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचा मिक्सर मागून घ्या. जपानला जाणाऱ्यांनी वेगळं बघावं: तिथे १०० व्होल्ट, टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०.