मळ्यातल्या मांजरांची नसबंदी कमी खर्चात कशी करायची

निफाड, दिंडोरी साइडला कुठल्याही मळ्यात जा, कांद्याच्या चाळीखाली नाहीतर द्राक्षाच्या क्रेटच्या थप्पीमागे एखादी भाटी (मांजराची मादी) व्यालेली असतेच. उंदरांसाठी मांजर सगळ्यांना हवं, पिल्लं कुणालाच नकोत, मग ती गोणीत घालून लांब कुठंतरी सोडून देतात आणि दोन दिवसांत कुत्र्यांच्या तोंडी जातात. मला हे बघवत नाही. उपाय एकच, ऑपरेशन, आणि ते वस्तीने मिळून केलं तरच परवडतं.

आधी मोजणी करा. चार-पाच घरी फिरून किती भाट्या, किती बोके, कुणाला पिल्लं आहेत ते वहीत लिहा, मोबाईलवर फोटो काढा. पैसे कमी असतील तर भाट्या आधी, कारण मांजर साधारण 63-65 दिवसांत वितं, चार-पाच महिन्यांचं पिल्लू सुद्धा गाभण राहू शकतं आणि अंगावर पाजत असताना परत गाभण राहतं. (तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच असतं, लांबून ओळखायला सोपं.) पिल्लं लहान असतील तर ती दीड-दोन महिन्यांची होऊन स्वतः खायला लागेपर्यंत थांबा.

मग डॉक्टर. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा, तिथं जास्त करून गाई-म्हशीच येतात, तरी मांजराचं ऑपरेशन करतात का हे विचारायला काय जातं. नाहीतर नाशिकमधल्या संस्था आणि प्रायव्हेट डॉक्टरांना फोन करा आणि थेट सांगा, एकाच दिवशी सहा मांजरं आणतो, रेट काय लावाल. भूल, औषधं, रेबीजची लस धरून किती ते आधीच क्लिअर करा. विरघळणारे टाके घाला म्हणावं, म्हणजे टाके काढायला परत पकडायची वेळ येत नाही. गाडी एकच करा, भाडं सगळ्यांत वाटलं जातं.

पकडणं हेच खरं अवघड काम. आठवडाभर रोज एकाच वेळी एकाच जागी, उघड्या पिंजऱ्यात खायला ठेवा. सुकट किंवा बोंबील ठेवला की वासानेच येतात. हाताने धरायला जाऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजचं इंजेक्शन घ्या. मांजर आत गेलं की पिंजऱ्यावर लगेच जाड चादर टाका, अंधार झाला की शांत बसतं. पिंजरा नसेल तर माणसाळलेल्या मांजराला द्राक्षाचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने घट्ट बांधले तरी चालतात. उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा, लहान पिल्लांना जास्त वेळ उपाशी ठेवत नाहीत.

ऑपरेशन झाल्यावर कानाचं टोक थोडं कापायला सांगा, भुलीतच होतं, दुखत नाही, आणि कापलेला कान बघून ऑपरेशन झालंय हे कळतं, पुढच्या वेळी तेच मांजर परत पकडलं जात नाही. घरी आणलं की पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, उबदार जागी ठेवा. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही नको, मांजराला ती विषच आहे. बोका दुसऱ्या दिवशी सोडला तरी चालतो, भाटीला दोन-तीन दिवस कोंडून ठेवा, टाक्याला सूज किंवा पू दिसला तर डॉक्टरांना फोटो पाठवा. आणि सोडायचं ते जिथून पकडलं त्याच चाळीपाशी, दुसऱ्याच्या मळ्यात नाही.