पीसी तापतो, हँग होतो? पेस्टची ट्यूब उघडण्याआधी या चुका टाळा

मार्च संपत आला की माझ्या फोनवर एकच रेकॉर्ड वाजायला लागते. "सीपीयू भयंकर गरम होतोय, मध्येच हँग होतो. पेस्ट बदलली, पंखा पण नवीन टाकला, तरी तेच." इथे सीपीयू म्हणजे अख्खा डबा, हे मी आता कुणाला समजावत बसत नाही. आणि पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याला गार ठेवणारा कूलर यांच्या मधे लावायची थर्मल पेस्ट. मी एवढंच विचारतो, "टेम्परेचर किती दिसतंय?" पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "हात लावला तर चटका बसतो."

हात हा थर्मामीटर नाही. डब्याचा पत्रा किंवा मागून येणारी हवा गरम लागत असेल, तर उष्णता बाहेर पडतेय एवढंच त्यातून कळतं. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते उघडा, फक्त सेन्सरवाली खिडकी चालू ठेवा, वीस-पंचवीस मिनिटं नेहमीचं काम करा आणि 'मॅक्सिमम'चा रकाना बघा. मुंबईतल्या खोलीत मशीन नुसती बसलेली असताना ४०-५० अंश दिसले तर मी लक्ष देत नाही. गेम किंवा रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार होणं) चालू असताना ७०-८० चालतं. ९०च्या वर सतत राहत असेल तर मी स्क्रू ड्रायव्हर काढतो. अपवाद एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा. ७००० मालिकेतले काही प्रोसेसर पूर्ण लोडवर मुद्दामच ९५ पर्यंत जातात, त्यांची रचनाच तशी आहे. त्यांच्यावरून रात्री साडेअकराला फोन करू नका.

हँग, रांगणं आणि धाडकन बंद होणं यांना एकच नाव देणं

बहुतेक लोक इथेच रस्ता चुकतात. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे, तिथे पोचल्यावर तो थ्रॉटल होतो. तरीही उष्णता वाढतच राहिली तर मशीन क्षणात बंद पडते, निळा स्क्रीनसुद्धा दिसत नाही. म्हणजे उष्णतेचा नेहमीचा मार्ग आधी रांगणं आणि मग बंद पडणं हा आहे. चित्र जागच्या जागी गोठलंय, स्पीकरमधून 'टर्रर्र' असा एकच आवाज येतोय आणि तापमान मात्र ६२ आहे, अशा वेळी माझा संशय रॅम, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग), ग्राफिक्स कार्ड किंवा डिस्कवर जातो.

यासाठी माझी एक सवय आहे. मशीन अडकली की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबायचं. दिवा लागतोय-विझतोय? मग विंडोज आत जिवंत आहे, अडकलाय तो एखादा प्रोग्रॅम, डिस्क किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. दिवा हललाच नाही तर अख्खी मशीन बसलीय. पाच सेकंदांची ही चाचणी कुणी करत नाही. सगळे थेट पॉवरचं बटण दाबून धरतात आणि नंतर विंडोजच्या नोंदवहीतल्या, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'कर्नल-पॉवर ४१' या ओळीचा फोटो पाठवतात, जणू खुनी सापडला. ती ओळ फक्त सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडली. ते बटण तुम्हीच दाबलं होतं.

आधी फॉरमॅट मारणं

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लालबागच्या एका मुलाला मी मशीन असेंबल करून दिली होती. माल लॅमिंग्टन रोडचा, दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, त्यासोबत आलेला इंटेलचाच कूलर. मुलगा मंडळासाठी व्हिडिओ एडिट करायचा. माझ्याकडे दोन तास चालवून बघितली, सगळं ठीक होतं. मग त्याने ती टॅक्सीच्या डिकीत आडवी टाकून नेली. पावसाळा, रस्त्यावर खड्डे, पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मी मात्र ओळखलं नाही.

चौथ्या दिवशी फोन. "दादा, रेंडर थोडं पुढे गेलं की मशीन मरते." मी दुसऱ्या कामात होतो. न विचारता सांगून टाकलं, "विंडोज गंडलं असेल, फॉरमॅट मार." त्याने मारला. सगळं सॉफ्टवेअर परत टाकलं, प्लगइन शोधले. तेच झालं. मी म्हटलं, "ड्रायव्हर चुकीचे टाकले असशील, परत मार." त्याने परत मारला. बाप्पाच्या आगमनाला दोन दिवस उरले तेव्हा त्याचा आवाज असा झाला होता की मी निमूटपणे चाळीचा लाकडी जिना चढलो.

बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) गेलो, तापमान ८६. बायोसमध्ये, काहीही काम चालू नसताना. मशीन बंद करून, वायर काढून, झाकण उघडलं आणि हीटसिंकला, म्हणजे कूलरच्या धातूच्या पात्यांना बोट लावलं. गार! प्रोसेसर भाजतोय आणि त्याच्यावर बसलेला हीटसिंक गार, याचा अर्थ दोघांची भेटच होत नाहीये. जरा हलवला तर एका कोपऱ्यात डुगडुगला. कूलर बोर्डावर धरून ठेवणाऱ्या चारपैकी एक पुश पिन निसटली होती. कूलर काढला, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, चारही पिना बसवल्या. वीस मिनिटांचं काम. रेंडर शेवटपर्यंत गेलं, तापमान ७४च्या वर चढलं नाही. त्याच्या आईने चहा आणला. पैसे मी घेतले नाहीत, घ्यायला तोंडच नव्हतं.

त्या दिवसापासून माझा नियम आहे. मशीन कुठूनही कुठेही हलली की आधी झाकण उघडून, वीज बंद ठेवून, कूलर हाताने हलवून बघायचा. तापमानाचा आकडा हातात आल्याशिवाय फॉरमॅट हा शब्द मी उच्चारत नाही. डिकीत मशीन आडवी न्यायची असेल तर मदरबोर्ड खाली आणि कूलर वर येईल अशी ठेवा. गाडीत जागा असेल तर मागच्या सीटवर बेल्ट लावा, हसू नका.

पुश पिन बसवताना एक लक्षात ठेवा. टोपीवरचा बाण सोडवण्याची दिशा दाखवतो. बसवायच्या वेळी टोपी बाणाच्या उलट फिरवलेली असली पाहिजे. मग समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन पिना एकदम दाबा, 'टक्' आवाज आला पाहिजे. त्यानंतर मदरबोर्डच्या मागून बघा, चारही पाय सारखे बाहेर आलेले दिसतात का. घाईतली पोरं हे शेवटचं बघत नाहीत आणि मग "पेस्ट बोगस आहे" म्हणून दुकानदाराशी भांडतात.

पेस्ट

हरभऱ्याच्या दाण्याएवढी, मधोमध. पुरे. पुरणपोळी लाटायची नाहीये. बऱ्याच नव्या कूलरना खाली पेस्ट लावूनच येते, तिच्यावर आणखी थापू नका. काही कूलरना तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते सोला. दरवर्षी एक तरी महाभाग ते तसंच ठेवून बसवतो. टूथपेस्टबद्दल मला विचारूही नका.

एएम-फोर सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा एक प्रकार) रायझन असेल तर कूलर थंड असताना सरळ वर ओढू नका. सुकलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून बाहेर आणते आणि त्याच्या पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवा, बंद करा, कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवा, मग उचला.

धुळीला फक्त धूळ समजणं

बाहेरचे व्हिडिओ बघून लोक ब्रश घेऊन बसतात. आपल्याकडे वन-आरकेमध्ये मशीनपासून शेगडी दहा फुटांवर आणि देव्हारा तीन फुटांवर. फोडणीचा तेलकट धूर, उदबत्ती, धूप, डासांची अगरबत्ती, खाली चालू असलेल्या बांधकामाचं सिमेंट आणि समुद्राची दमट खारी हवा, या सगळ्याचा मिळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमदा तयार होतो. तो ब्रशने निघत नाही, उलट आत ढकलला जातो. पंखा सुटा करावा लागतो, हीटसिंक उतरवून धुवून पूर्ण वाळवावा लागतो. पंखा आणि हीटसिंक यांच्या मधली सपाट जागा सगळ्यात जास्त बुजते, आणि वरून बघितलं तर तिथलं काही दिसत नाही. पंखा फिरतोय म्हणून सगळे खूश असतात.

ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा सुसाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नका, स्टॅटिकचा धोका असतो. आणि पंक्चरवाल्याकडे डबा नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारण्याचा जुगाड कृपा करून बंद करा. त्या टाकीत पाणी साठलेलं असतं, तेलाचे कणही येतात. पावसाळ्यात तर तो जवळजवळ फवाराच. असा 'साफ' केलेला एक बोर्ड माझ्या टेबलावर आला होता, रॅमच्या स्लॉटमध्ये पाण्याचे थेंब होते. वाचला नाही.

खोलीचा हिशोब न करणं

कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. परदेशातल्या चाचणीत खोली २१ अंशांची आणि प्रोसेसर ६८ वर असेल, तर मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत तोच कूलर साधारण ८० दाखवणार. यात कूलरचा दोष नाही, आणि तो परत करायला जाऊ नका.

मुलुंडच्या एका शिकवणीवाल्या काकूंची मशीन रोज संध्याकाळी सातनंतर "हँग" व्हायची, सकाळी कधीच नाही. एकाने पेस्ट बदलली, दुसऱ्याने पंखा बदलला. दोघेही सकाळी येऊन गेले होते. मी मुद्दाम सातला गेलो. डासांसाठी काकूंनी खिडकी लावली, पडदा ओढला, आणि डब्याच्या पुढच्या पंख्याने तो पडदा अलगद स्वतःकडे खेचून जाळीवर चिकटवला. अर्ध्या तासात माउस दोन-दोन सेकंदांनी हलायला लागला. ते हँग नव्हतंच, थ्रॉटल होऊन मशीन रांगत होती. काकूंनी पडदा चार बोटं आखूड करून घेतला. माझी व्हिजिट फी त्यांना जास्त वाटली, ते ठीकच आहे.

फर्निचरवाल्याने टेबलाखाली बनवलेलं ते सुंदर कपाट, ज्यात डबा बसतो आणि पुढे दार लागतं, त्याचं दार काढून टाका. मागची प्लायही कापा.

झाकण काढून समोर टेबल फॅन लावणं ही चाचणी म्हणून उत्तम युक्ती आहे. तासभर तसं चालवून अडकणं थांबलं तर कारण उष्णता, नाही थांबलं आणि आकडेही ठीक असतील तर उष्णतेचा नाद सोडा. पण कायम तसं ठेवू नका. धूळ दुप्पट येते, झुरळं येतात, आणि पाल एसएमपीएसजवळ काय करते ते मी एकदा पाहिलंय.

किरकोळ, पण रोजच्या

नवा पंखा उलटा लावणं. ज्या बाजूला मधली मोटर धरणारी चौकट दिसते, हवा त्या बाजूने बाहेर पडते.

'सीपीयू फॅन एरर' येतो म्हणून बायोसमध्ये जाऊन ती सूचनाच बंद करणं. यावर काय बोलणार.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून मग मशीन काहीही न करता तापते म्हणून तक्रार करणं. टास्क मॅनेजर उघडा. बऱ्याचदा आत कुणीतरी तुमच्या विजेच्या बिलावर क्रिप्टोची नाणी खणत बसलेलं असतं.

आकडे ठीक, तरी अडकतेच

मग उष्णता सोडा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर आधी ते बंद करून दोन दिवस बघा. रॅम काढून तिची सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा. मुंबईतल्या प्रत्येक मेकॅनिकची ही पहिली विद्या आहे आणि दमट हवेमुळे ती खरंच चालते. एकेक पट्टी लावून चालवा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून झोपा. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघा, डिस्कची साटा केबल बदलून बघा.

एसएमपीएस शेवटी नको, दुसऱ्या नंबरवर ठेवा. हातात धरल्यावर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा, वर '५०० वॅट' छापलेला स्वस्त एसएमपीएस लोड आला की कच खातो. बदलून बघायला मित्राचा चांगला एसएमपीएस मागून आणा. जुना उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो. डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाहीये. जुन्या चाळींमध्ये ते सर्रास आहे, तिथे मला नाही, वायरमनला बोलवा.

इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा वरच्या दर्जाचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोसची तारीख बघा. जास्तीच्या व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर अस्थिर होतात हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसमधून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) सुधारून दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीतच द्यायचा. अपडेट करताना मशीन यूपीएसवर ठेवा. मुंबईत लाइट फारशी जात नाही हे खरं, पण तुमच्या इमारतीत त्या दिवशी मीटर बॉक्सचं काम निघालेलं नाही ना, ते आधी वॉचमनला विचारून घ्या.