"लय जबरदस्त बोलला राजेहो!" भाषण ऐकताना या चुका टाळा

आमच्या इकडं बाजाराच्या दिवशी सभा असली की अर्धे लोक भाजीपाला घ्यायला आलेले असतात अन् अर्धे खरंच ऐकायला. संध्याकाळी पानठेल्यावर विचारा, काय बोलला रे? एकच उत्तर, "लय जबरदस्त बोलला राजेहो." पण म्हणजे काय बोलला, ते कोणालेच सांगता येत नाही. मी पण त्यातलाच होतो म्हणून हे लिहून राहिलो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आकडा ऐकला की टाळी. एका सभेत वक्ता म्हणाला, कापसाचा हमीभाव क्विंटलमागं 3750 रुपये होता, तो आता 8110 झाला. टाळ्याच टाळ्या, मी बी वाजवल्या. घरी येऊन मोबाईलवर पाहिलं तं दोन्ही आकडे खरे निघाले, फक्त 3750 हा 2014-15 चा मध्यम धाग्याच्या कापसाचा भाव अन् 8110 हा 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा. मध्यमले मध्यम लावलं तर 3750 चे 7710 होतात, लांबले लांब लावलं तर 4050 चे 8110. दोन्हीकडून दुप्पट होतेच, म्हणजे माणसाले खोटारडा म्हणता येत नाही, पण मंग असं ठिगळ लावायची गरज काहून पडली? अन् खरी गंमत पुढंच आहे. ही वाढ अकरा वर्षांतली, त्या अकरा वर्षांत वेचणीची मजुरी, बियाणं, फवारणी कुठं गेली याचा भाषणात एक शब्द नाही. वरून हा भाव 8 टक्के ओलाव्याच्या कापसाचा, त्याच्यावर गेला की कपात अन् 12 च्या वर गेला की सीसीआय, म्हणजे हमीभावानं खरेदी करणारं सरकारी कापूस महामंडळ, घेतच नाही, आता दिवाळीच्या आधी घरात आलेला कापूस माणूस वाळवून वाळवून किती वाळवणार बाप्पा. त्यामुळं आकडा खरा का खोटा एवढंच पाहून थांबू नका. कोणत्या सालापासून मोजला, कशाशी लावला अन् शेतकऱ्याच्या हातात त्यातले किती पडले, हे तिन्ही पाहा.

दुसरी चूक, क्रियापद न ऐकणं. "प्रस्ताव पाठवला", "मंजूर झालं", "निधी आला", "भूमिपूजन झालं" अन् "काम झालं" या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत पण माईकवर पाचही सारख्याच जोरात येतात. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 ची, अन् कालव्यांची कामं त्याच्यानंतर कित्येक वर्षं चालूच होती, तेव्हा भूमिपूजनावर किती खुश व्हायचं ते तुम्हीच ठरवा. "केल्या जाईल" असं ऐकू आलं की तर कान टवकाराच, कारण कोण करणार ते त्यात नसतेच.

प्रश्नांचंही तसंच. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत अन् लोकांकडूनच उत्तर वदवून घेत, पण घरी जाताना माणूस देवाले बोकड कापावं का, लग्नापायी कर्ज काढावं का याचा विचार करत जाई. आता स्टेजवरून विचारतात, "पाणी पाहिजे का नाही?" आता पाणी नको कोण म्हणन? तिथं आपण "पाहिजेऽऽ" ओरडलो म्हणजे त्याचा पुढचा मुद्दा आपल्याले पटला असं होत नाही.

आपल्या माणसाले सूट देणं ही तर घरोघरची चूक. यावर सोपा उपाय आहे, तेच वाक्य समोरच्या पार्टीच्या माणसाच्या तोंडी टाकून पाहा, अन् जर लगेच "पुरावा दाखव" असं मनात आलं, तर तोच पुरावा आपल्या माणसालेही मागा. रीलचं तर बोलूच नका, तीस सेकंदाच्या तुकड्यावर मी एकदा गावच्या ग्रुपवर दिवसभर भांडलो अन् पूर्ण व्हिडिओत त्या वक्त्यानं पुढच्याच वाक्यात माझंच म्हणणं मांडलं होतं.

काही जण याच्या उलट टोकाले जातात, "सगळेच फेकतात, ऐकायचंच कशाले." हा शहाणपणा नाही, आळस आहे. चांगल्या भाषणात बी कच्चा मुद्दा असतो अन् रटाळ बोलणाऱ्याजवळ बी कधी कधी पक्की माहिती असते. आमच्याकडं एक कृषी सहाय्यक खाली मान घालून कागद वाचल्यासारखा बोलते, पोट्टे हसतात, पण बोंडअळीसाठी कामगंध सापळे (वासानं पतंग ओढून पकडणारे) कधी लावायचे ते त्याच्याएवढं बरोबर कोणी सांगितलं नाही.

लक्षातच राहत नसन तर बियाण्याच्या बिलाच्या मागं तीन गोष्टी लिहा: काय देतो म्हणाला, किती, अन् कधीपर्यंत. सभेत प्रश्न विचारता येत नाही, माईक कोणी देतच नाही, ते खरं आहे, पण गावातल्या कामाचं असन तर ग्रामसभेत उभं राहून विचारता येते, अन् तिथंही नाही भागलं तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होते.

मागच्या सभेचं बिल अजून माझ्या खिशातच आहे. त्याच्यावर लिहिलं आहे, "नाल्यावरचा पूल, उन्हाळ्याच्या आत." कोणत्या उन्हाळ्याच्या, ते त्यानं सांगितलं नव्हतं अन् मीही तेव्हा लिहून घेतलं नाही.