शाळा बघायला जाल तेव्हा

"तिथे कुणाची मुलं येतात?" लेकीच्या शाळेचं नाव ऐकताच जाऊबाईंनी हेच विचारलं. आधी मीही तेच विचारायचे.

आता सांगते, शाळा सुटताना फाटकाशी अर्धा तास उभ्या राहा. कोण गाडीतून जातं, कोण पायी, हे मोजू नका. मुलं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बाहेर येतात का, ते बघा. मग आत जाऊन विचारा: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब, वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवरची मुलं इतरांच्याच वर्गात बसतात ना? की वेगळी तुकडी? सहलीला येतात, की पैशांअभावी घरीच राहतात? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसरी शाळा बघा.

माझ्या लेकीची जिवलग मैत्रीण धुणीभांडी करणाऱ्या ताईंची मुलगी. सतराचा पाढा तिनेच हिच्याकडून पाठ करून घेतला.