चिप रिप्रोग्रॅम करून रेडिएटर फॅन लवकर चालू केला

गाडी ट्रॅफिकमधे थांबली की इंजिनच्या टेंपरेचरचा काटा वर चढायचा, कारण मूळ सेटिंगमधे फॅन १०० डिग्रीच्या पुढे गेल्यावरच चालू व्हायचा. कूलंट, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप), सेन्सर सगळं आधी चेक केलं, ते ठीक असेल तरच चिपला हात लावा. मग इसीयूतली (इंजिन कंट्रोल करणारा कॉम्प्युटर) इप्रॉम, म्हणजे सेटिंग साठवलेली चिप, काढली, ओरिजिनल फाइल रीड करून सेव्ह केली, फॅन ऑन ९६ आणि ऑफ ९२ केलं, चेकसम (फाइल बरोबर आहे का हे तपासायचा आकडा) दुरुस्त करून दुसऱ्या कोऱ्या चिपवर बर्न केलं, म्हणजे जुनी तशीच शाबूत राहते. माझा थर्मोस्टॅट ८८ ला उघडायला लागतो, ऑफ त्याच्या वरच हवं, नाहीतर फॅन बंदच होत नाही आणि अल्टरनेटरवर उगाच लोड येतो. आता एसी लावून उभा राहिलो तरी काटा मधेच असतो, खूप बरं वाटतं.